कडी कोणी लावली?

लिफ्टचं दार सरकत सरकत आलं, 'खट्' असा आवाज करून बंद झालं मात्र... ज्योत्स्नाच्या छातीत कोणी आतून बुक्की मारावी तसं झालं!

अमरावतीत धाकट्या भावाने, सागरने, तिसऱ्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला होता. सकाळी दहाला बुद्धवंदना, मग जेवणं. अकोल्याहून ज्योत्स्ना आणि तिचे ऐंशी वर्षांचे वडील जानराव पहाटेच्या एस.टी.ने आले होते. "मी जिन्याने येते," असं ती दोनदा म्हणाली; पण भावजय सीमाने लाडाने हात धरून तिला आत ओढलं. "काय ताई, तीन मजले चढता का पायी? भावाचा थाट तर पाहा जरा!" आता भावाच्या थाटाला नाही कसं म्हणायचं?

पहिला मजला यायच्या आतच तिचे तळहात ओले झाले, घशाला कोरड पडली, बोटांना मुंग्या आल्या, आणि हवा... हवा संपलीच जणू त्या पेटीतली! "उघडा!" ती किंचाळली. "दार उघडा नं... मी मरून राहिली! कोणीतरी उघडा!" दाराची फट नखांनी उकरत ती खाली बसली. सीमा भेदरून दिसेल ते बटण दाबत सुटली. आणि जानराव? ते काठी टेकून ताठ उभे होते. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. लिफ्टच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोणीतरी हिले बाहेर काढा."

हिले! पोरीले नाही, ज्योत्स्नाले नाही... हिले. चोवीस वर्षं झाली, बाप लेकीशी बोलायचा तो असा, भिंतीच्या मार्फत.

वंदना तासभर खोळंबली. दवाखान्यात छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं, आणि सगळं नॉर्मल निघालं. खरं तर आनंदाची गोष्ट. पण आजार निघाला असता तर पाहुण्यांनी सफरचंदं आणली असती, काहीच निघालं नाही म्हणून नुसती तोंडं वाकडी केली. "लग्न नाही झालं की बाईले असे झटके येतेत बाप्पा," एक मावशी पापडाचा तुकडा मोडत म्हणाली. ज्योत्स्नाने ते ऐकलं आणि ताटं वाढायला उठली.

तिला काय झालं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेली चोवीस वर्षं ती हे लपवत आली होती. न्हाणीचं दार ती लोटून घ्यायची, लावायची नाही. अकोल्याला जठारपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घराचं दार पाट्याच्या दगडाने अडवून सताड उघडं ठेवायची. लोकांना सांगायची, डब्यांसाठी येणाऱ्या क्लासच्या पोरांची ये-जा असते म्हणून. डब्यांचा धंदा तिचाच, आणि चवही अशी की पोरं शहर सोडून गेल्यावरसुद्धा तिच्या झुणक्याची आठवण काढत. पण दार बंद झालं, कडीचा आवाज झाला, की या बाईचा जीव गळ्याशी यायचा.

कारण त्या आवाजामागे एक दुपार होती.

अकोल्याचा मे महिना ज्याने भोगला नाही त्याला ऊन म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. अकरा वाजले की दारं लागतात ती पाच वाजेपर्यंत उघडत नाहीत. अशाच एका मे महिन्यात तिच्या आईला, सुंदराबाईला, ऊन लागलं. दोन दिवस ताप उतरेना. ग्लानीत ती मधूनच उठायची आणि 'माहा सागर उन्हात राह्यला' म्हणत अनवाणी रस्त्यावर निघायची. तो बिचारा घरातच असायचा! जानराव बाळापूरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, ते बसने ड्यूटीवर गेलेले. ज्योत्स्ना तेव्हा एकवीस वर्षांची, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि त्या दिवशी तिचं शेवटचं प्रॅक्टिकल! जाताना तिने तेरा वर्षांच्या सागरला बजावलं, "पाण्याच्या पट्ट्या बदलत राह्यजो. आईले उन्हात बाहेर जाऊ देऊ नोको. मी दोन वाजेपर्यंत येतेच."

पोरगं आज्ञेतलं. आईचं अंग विस्तवासारखं तापलेलं पाहून त्याने विचार केला, बर्फ आणावा. आणि आपण गेल्यावर आईने उन्हात जाऊ नये म्हणून त्याने बाहेरून कडी लावली... ताईने सांगितलं होतं ना! बर्फाच्या दुकानात रांग होती. परत येताना पारावर मित्रांचा कॅरम चालला होता. एक डाव... फक्त एकच डाव...

दोन वाजता ज्योत्स्ना आली तेव्हा कडी लागलेली होती. तिने ती काढली, दार ढकललं, पण ते पुरतं उघडेना. दाराशी आई पडलेली होती. हाताची बोटं उंबरठ्यावर... आणि अंगातला ताप कायमचा उतरलेला!

निरोप मिळून जानराव तासाभरात आले तेव्हा अंगणात गर्दी होती. त्यांनी सगळं पाहिलं, दार पाहिलं, आणि एकच प्रश्न असा गर्जून विचारला की कौलं हलावीत. "कडी कोणी लावली?"

कोपऱ्यात सागर उभा होता. त्याच्या हातातल्या बारदानातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, आणि त्याची चड्डीसुद्धा ओली झालेली होती. ज्योत्स्नाने त्याच्याकडे पाहिलं... एकदाच.

"मी," ती म्हणाली.

बाबांचा राग उतरला की खरं काय ते सांगू, असं तिच्या मनात होतं. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न! पण जानराव चारचौघांत बोलून गेले, "परीक्षेपायी माय मारली इनं. इच्या हाती कोणाचा जीव देऊ नका." आणि त्यानंतर त्यांनी तिच्याशी शब्द टाकला नाही. दोन-चार दिवसांची चोवीस वर्षं झाली. तिने नर्सिंगचा निकालसुद्धा आणला नाही, येईल ते स्थळ परत पाठवलं, भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि बापाची दोन वेळची भाकरी केली. भाकरी ते खायचे हं! भूक काही अबोला धरत नाही.

आणि सागर? तो अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागला. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवाबाजीवर, गंडेदोऱ्यांवर भाषणं देऊ लागला. जानरावांची छाती अभिमानाने फुगायची. छप्पन साली आपल्या बापाने घरातले देव गाठोड्यात बांधून पूर्णेत सोडले, ही गोष्ट जानराव येईल त्याला सांगायचे. या घरात लिंबू-मिरची आली ती फक्त ठेच्यासाठी! अशा त्या पोराने त्या दुपारची गोष्ट बहिणीजवळ कधी काढली नाही. तिनेही काढली नाही.

अमरावतीहून परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. त्या साली मे आला तो आग घेऊनच. जानरावांना एक दिवस भोवळ आली, नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी तंबी दिली, "अकरा ते पाच दारं-खिडक्या बंद, कूलर चालू. या वयात पुन्हा ऊन लागलं तर मी काही करू शकणार नाही." 'पुन्हा' हा शब्द ज्योत्स्नाच्या काळजात रुतला. घरी येऊन तिने पाट्याचा दगड सरकवला, दार लोटलं, कडीला हात लावला... आणि पुढच्या क्षणी ती अंगणात होती, घामाने निथळत, भिंतीला धरून ओकत! दार तसंच उघडं. आणि उन्हाची झळ बाजेवरच्या म्हाताऱ्याच्या अंगावरून वाहतच राहिली.

तीन दिवस तिने धडपड केली. दाराला ओली चादर बांधली, ती तासाभरात वाळून कडक झाली. बाप धापा टाकत होता आणि लेक दारात उभी राहून स्वतःला शिव्या घालत होती. एक माय बंद दारापायी गेली, आता उघड्या दारापायी बाप जाणार काय? हे दैवाचं कसलं न्यायशास्त्र!

रविवारी सागर आणि सीमा आले. घरातली भट्टी पाहून सागर म्हणाला, "ताई, तुह्याच्यानं दार लावनं होत नाई. मी बाबाले अमरावतीले नेतो. कायमचं."

यात चूक काही नव्हतं, म्हणूनच ते तिच्या वर्मी बसलं. अबोल का होईना, बाप होता! सकाळी खाकरायचा, चहाचा कप वाजवून खाली ठेवायचा, भिंतीला का होईना पण काही सांगायचा. कधीतरी एक दिवस तो आपल्याला हाक मारील या एका आशेवर तिने आयुष्य ढकललं होतं. तोच गेला तर रिकाम्या घरात तिने कोणाची वाट पाहायची?

"ताईंवर उपचार आहे," सीमा मध्येच म्हणाली. सीमा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, घरातल्या गुपितापासून पूर्ण अजाण, आणि बोलायला सडेतोड. "आमच्या शाळेतल्या एका मॅडमले असंच व्हायचं. अकोल्यातच डॉक्टर कुलदीप आहेत, मानसोपचाराचे. संमोहनानं बऱ्या झाल्या त्या. सहा-सात वेळा जावं लागते फक्त."

"संमोहन?" जानराव बाजेवर उठून बसले. "सागर, सांग तुह्या बायकोले. या घरात मंतर-तंतर चालत नाई. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय हे!"

"बाबा, तो एम.डी. डॉक्टर आहे, बुवा नाही," सीमाच उत्तरली.

"डॉक्टर असो का कोणी! डोळे मिटवून बडबडाले लावते, ते काय विज्ञान हाय?" सागर तावातावाने म्हणाला. पण त्याचा आवाज भाषणातल्यासारखा खणखणीत नव्हता, हे ज्योत्स्नाच्या कानाने बरोबर टिपलं.

ती चहा टाकायला आत गेली तसा तो मागोमाग आला. ओट्याला टेकून, खाली मान घालून हळूच म्हणाला, "ताई... तठी माणूस झोपेत सगळं बोलून टाकते म्हणतेत."

तिने वळून पाहिलं. सदतीस वर्षांचा प्राध्यापक, कानांवर पांढरे केस... आणि डोळे मात्र अजून तेरा वर्षांच्या पोराचे! तिलाही तीच धास्ती होती. लहानपणी अकोल्यात एका जादूगाराचा खेळ तिने पाहिला होता. त्याने एका धडधाकट माणसाला झोपवून सफरचंद म्हणून कच्चा कांदा खायला लावला होता, आणि बायकोपासून लपवलेल्या गोष्टी भर सभेत वदवून घेतल्या होत्या. तसं आपण डोळे मिटले आणि तोंडून ती दुपार निघाली तर? या पोराच्या संसाराचं, मानाचं, बापाच्या त्याच्यावरच्या अभिमानाचं काय होईल?

"नाई जात मी," ती म्हणाली. "तू भिऊ नोको."

सागर निघून गेला. पुढल्या रविवारी बाबांना न्यायचं ठरलं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी जानरावांना पुन्हा भोवळ आली. त्यांच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवताना ज्योत्स्ना मध्येच थांबली... तीच पट्टी, तेच तापलेलं कपाळ! चार वाजता तिने शेजारच्या जाईबाईला बाबांजवळ बसवलं, पदराने तोंड पुसलं आणि ऑटो करून डॉक्टर कुलदीपांच्या दवाखान्यात जाऊन बसली. दिलेला शब्द मोडला होता. पण बापाच्या जिवापुढे शब्द तो काय!

डॉक्टर पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टेबलावर ताकाचा ग्लास. मंतर-तंतराची एकही खूण नव्हती. त्यांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, तिला काय होतं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्याने माणूस मरत नाही, असं सांगितलं, आणि विचारलं, "काही शंका?"

"एकच हाय," ती पुटपुटली. "झोपेत तोंडातून काई निघून गेलं तर?"

डॉक्टर हसले. "झोप नसते ती, ताई. तुम्हाला माझा आवाज ऐकू येईल, बाहेरचा हॉर्नसुद्धा ऐकू येईल. वाटेल तेव्हा डोळे उघडून उठून जा. जे तुम्हाला सांगायचं नाही ते कोणी काढून घेऊ शकत नाही. हा दवाखाना आहे, पोलीस ठाणं नाही. आणि तुमची गोष्ट मला नको आहे. मला तुमची भीती कमी करायची आहे, बस."

"गोष्ट न सांगता होते?"

"पाहू या की!"

आणि खरंच, तिने गोष्ट सांगितली नाही. खोलीचं दार त्यांनी उघडंच ठेवलं. डोळे मिटून ती संथ आवाजामागे गेली... श्वास आत, श्वास बाहेर, खांदे सैल, हात जड... एकेक पायरी उतरल्यासारखं, आणि प्रत्येक पायरीवर जरा जास्त हलकं. चोवीस वर्षांत प्रथमच तिचे खांदे कानांपासून खाली आले! दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मनातल्या मनात तिला एका दारापुढे उभं केलं. "दाराची कडी तुमच्या बाजूला आहे. तुम्हीच लावणार, तुम्हीच काढणार. घाई नाही." तिच्या बंद डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिच्या ओठांवर शब्द आले होते... तिने ते मागे परतवले. आणि ते परतले! कोणी वदवून घेतलं नाही, कोणी कांदा खाऊ घातला नाही. आपलं मन आपल्या ताब्यात राहतं हे कळलं, तिथेच तिची अर्धी भीती मेली.

बाकीची अर्धी सहज गेली नाही. डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या आणि घरचा अभ्यासही दिला. आधी दार अर्धा मिनिट लोटायचं, मग एक, मग दोन. श्वास मोजत ती कडीला हात लावायची आणि काढून घ्यायची, पुन्हा लावायची. एकदा भीतीने अशी पळाली की फोडणीचं तेल पेटता पेटता राहिलं. जानराव बाजेवरून हे सगळं पाहत होते. भिंतीला म्हणाले, "हे काय चालून राह्यलं घरात?" भिंतीने उत्तर दिलं नाही. ज्योत्स्नाने सागरला विनवलं, बाबांना आणखी पंधरा दिवस राहू दे. तोवर जाईबाईच्या पक्क्या घरात दुपारी त्यांची सोय केली. सीमाला मात्र ती फोनवर सगळं सांगायची. सीमाच तेवढी या घरात तिला विचारायची.

आणि पाचव्या बैठकीनंतरच्या शनिवारी दुपारी साडेबारा वाजता ज्योत्स्नाने दार लोटलं, कडी लावली... आणि उभी राहिली. छाती धडधडली. धडधडू दिली. ओठ कोरडे पडले. पडू दिले. लाट आली तशी ओसरली. कूलरचा गारवा खोलीत भरू लागला, आणि बाजेवर बाप निवांत घोरू लागला. ती जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. सुखाने रडली!

तिने सीमाला फोन केला. सीमाने तो आनंद नवऱ्याच्या कानावर घातला, "अहो, ताई मोकळ्या झाल्या! डॉक्टरकडे जाऊन जाऊन सगळा भार उतरला त्यांच्या मनावरचा. आज दार लावून बाबांजवळ बसल्या आहेत."

बिचारीच्या मनात पाप नव्हतं. पण ताई डॉक्टरकडे जाते हेच सागरला आज कळत होतं. त्याच्या हातातलं पुस्तक गळून पडलं.

दुसऱ्याच दिवशी, भर उन्हात, तो अकोल्यात येऊन थडकला. सताड उघडं असायचं ते दार बंद! त्याने ते वाजवलं. आतून कडी निघाली, आणि समोर ताई उभी... शांत, चेहऱ्यावर कसला म्हणून ताण नाही. मागे बाजेवर बाबा उठून बसले होते आणि त्याच्याकडेच पाहत होते. सागरला वाटलं, झालं! निघालं सगळं!

"बाबा!" तो तसाच आत धावला आणि जानरावांच्या पायांवर कोसळला. "बाबा, मले मारा... पण तुमी असे पाहू नोका! तिनं सांगतलं नं तुमाले? खरं हाय ते. कडी म्या लावली होती! आई उन्हात जाईन म्हणून लावली... बर्फ आणाले गेलतो... अन् मंग खेळत बसलो, बाबा... मी खेळत बसलो!"



"सागर!" ज्योत्स्ना कळवळून ओरडली. "अरे वेड्या, म्या एक शब्द नाई बोलली रे! डॉक्टरजवळ नाई, बाबाजवळ नाई!"

सागरने मान वर केली.  ज्या माणसाने गावोगाव भाषणं देऊन असल्या विद्येच्या चिंध्या केल्या होत्या, त्याचाच त्या विद्येवर सगळ्यांत जास्त विश्वास निघाला!

जानराव हलले नाहीत. ते सागरच्या हातांकडे पाहत होते. "बर्फ... बर्फ आणाले गेलता तू?"

"हो."

"तुह्या हातात बारदान होतं. पाणी ठिबकत होतं." म्हातारा स्वतःशीच बोलत होता. "पाह्यलं होतं म्या ते. दोन्ही डोळ्यानं पाह्यलं होतं." आणि मग त्यांनी मान वळवली. भिंतीकडे नाही. लेकीकडे. "तू... तू काहून सांगतलं नाई?"

चोवीस वर्षांत तिच्याकडे पाहून विचारलेला हा पहिला प्रश्न. याच क्षणासाठी ती जगली होती! आता तिने बापाच्या गळ्यात पडावं, सगळं विसरावं... पण झालं उलटंच. इतकी वर्षं गिळलेला संताप उसळून वर आला.

"तुमी इचारलंच कवा?" ती म्हणाली. "एक डाव इचारलं, अन् तेबी असं की लेकरू मुतलं! मंग काय सांगू? कोणाले सांगू? माह्याशी बोलाले तुमाले भिंत लागे, बाबा! म्या तुमाले चोवीस वर्षं रांधून घातलं. एक दिवस तरी म्हटलं का, पोरी, तू जेवली का? आई माही नव्हती का? तिची बोटं उंबऱ्यावरून म्या उचलली होती... म्या! माहा जीव गुदमरत होता अन् तुमी म्हणत, हिले बाहेर काढा. हिले!"

शब्दांबरोबर रडं फुटलं. जानराव काठी शोधू लागले, सापडेना. तसेच धडपडत उठले, भिंतीचा आधार न घेता दोन पावलं आले, आणि लेकीसमोर हात जोडून उभे राहिले. तो करारी म्हातारा, ज्याने साहेबासमोर मान लववली नव्हती!

"त्या सकाळी सुंदरा मले म्हणाली होती," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "'आज जाऊ नोका, मले बरं वाटत नाई.' म्या म्हटलं, रजा शिल्लक नाई. होती रजा. होती! मले कोणावर तरी ढकलाचं होतं पोरी... नाई तं मले जगता आलं नसतं. तू 'मी' म्हणाली अन् माहं काम झालं. म्या पुन्हा इचारलं नाई, कारण मले दुसरं उत्तर पायजेच नव्हतं."

तिने ते जोडलेले हात धरले. सुरकुतलेले, गार. आणि सोडले नाहीत.

"ताई..." सागर जमिनीवरूनच म्हणाला, "मले माफ कर."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "आज नाई करत," ती म्हणाली. खरं तेच म्हणाली. "उद्या करीन बहुतेक. तू लेकरू होता तवाचं तं कवाच माफ हाय. पण तू मोठा झाला, सागर... अन् मंगबी चूप राह्यला. त्याले थोडा वेळ लागन. ऊठ, तोंड धू. भाजी उरली हाय, जेवून घे."

तो उठला. ताईने वाढलं ते त्याने ताट पुसून खाल्लं.

पाचच्या सुमारास, ऊन कलल्यावर, निघण्याआधी त्याने विचारलं, "बाबा, मंग... येता का अमरावतीले?"

जानरावांनी लेकीकडे पाहिलं. असं पाहणं त्यांना अजून जमत नव्हतं, नजर मध्येच घसरायची. "ठेवशीन का मले?" त्यांनी विचारलं. बापाने पोरीला असं विचारावं! "मी रात्रंदिवस उंबऱ्यापाशी सुंदरालेच पाहून राह्यलो इतके वर्ष. मले बी झोप लागत नाई. कोणाले सांगतलं नाई म्या."

"ठेवीन," ज्योत्स्ना म्हणाली. "पण माह्यासंगं त्या डॉक्टरकडे या लागन."

जानराव दचकले. बावीस प्रतिज्ञा, पूर्णेत सोडलेलं गाठोडं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं असावं. मग ते पुटपुटले, "एम.डी. हाय म्हणे नं तो?"

"हाय."

"मंग येतो."

मंगळवारी दोघं दवाखान्यात गेली. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, जणू सोयरिकीलाच निघाले होते म्हातारबुवा! काउंटरवरच्या मुलीने ज्योत्स्नाला ओळखलं आणि हसून तिचा कागद काढू लागली, तसे जानराव काठी आपटत पुढे झाले.

"आज पेशंट मी हाय," ते म्हणाले. "जानराव खंडारे, वय ऐंशी."

"बरं आजोबा. सोबत कोण आहे?"

बाकावर बसलेली चार माणसं वर पाहू लागली, कारण म्हाताऱ्याचा आवाज अजूनही कचेरीतला होता, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"माही मोठी पोरगी. ज्योत्स्ना," जानराव म्हणाले, आणि मुलगी लिहून घेईपर्यंत थांबले, नीट लिहिलं की नाही ते वाकून पाहिलं. "नर्सिंग शिकलेली हाय ते. माह्यापायी सोडलं तिनं. हेबी लिहा."

मुलगी गोंधळली, असला रकाना तिच्या कागदावर नव्हता. ज्योत्स्नाने पुढे होऊन बापाचा दंड धरला. "चला बाबा," ती म्हणाली, "आपला नंबर आला," आणि दोघं आत गेली.